जोत्याखालचा कारखाना

दौलताबादच्या, म्हणजे पूर्वीच्या देवगिरीच्या, किल्ल्याला पाया घालण्याची फारशी गरजच पडली नाही, असे म्हटले तर ते अगदीच अतिशयोक्तीचे ठरणार नाही. यादवांनी राजधानीसाठी जो डोंगर हेरला, तो लाव्हारसाचे थर एकावर एक साचून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी घडलेल्या काळ्या पाषाणाचा होता; त्याचे कडे तासून सरळ केले, पायथ्याशी त्याच पाषाणात खंदक कोरला, आणि वरच्या इमारतींचा भार थेट खडकाच्या माथी सोपवला. इतका निश्चिंत पाया बांधणाऱ्याला सहसा लाभत नाही. मात्र अंबरकोटाच्या तटाबाहेर पडून माळीवाड्याच्या किंवा वाळूजच्या दिशेने सपाटीवर उतरावे, तो त्याच पाषाणाची झीज होऊन बनलेली काळी माती पायांखाली येते, आणि तिच्यावर घर बांधू पाहणाऱ्या माणसाचे नशीब देवगिरीच्या स्थपतींच्या नशिबाच्या नेमके उलट असते.

कापसाला आणि ज्वारीला जितकी ही माती उदार, तितकीच ती भिंतींना कृपण. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या खनिजाची पत्रे इतकी पातळ आणि त्यांच्यामधील बंधन इतके सैल, की पावसाळ्यात पाणी त्या पत्र्यांच्या फटींत शिरून त्यांना एकमेकांपासून दूर लोटते, आणि वैशाखात तेच पाणी उडून गेले म्हणजे माती आक्रसून जमिनीला अशा भेगा पडतात, की गुराख्याने काठी घातली तर ती हातभर आत जावी. मातीचा हा स्वभाव मोजण्याची भारतीय मानकाने ठरवून दिलेली एक रीत अतिशय सोपी आणि पाहण्यासारखी आहे. वाळवून बारीक चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती काचेच्या दोन उभ्या मापनळ्यांत घालतात. एकीत रॉकेल ओततात, दुसरीत ऊर्ध्वपातित पाणी, आणि दोन्ही नळ्या चोवीस तास तशाच उभ्या ठेवतात. रॉकेलाशी या खनिजाचे सख्य नसल्यामुळे पहिल्या नळीतील माती जिथल्या तिथे निमूट बसून राहते. दुसऱ्या नळीतील माती मात्र चढत जाते, आणि दुसऱ्या दिवशी तिची पातळी पहिलीच्या दीडपट, कधी दुप्पटही भरते. दोन नळ्यांतील हा फरक म्हणजेच पुढे खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी निघून जोत्यापर्यंत जाणारी भेग होय.

म्हणून इकडचा जाणता गवंडी काळी माती उकरून बाहेर टाकतो आणि जोत्यात मुरूम भरून, पाणी मारून, दबाई करून घेतो. मुरूम हे महसुलाच्या परिभाषेत गौण खनिज. त्याचे स्वामित्वधन ब्रासच्या हिशेबाने सरकारात भरावे लागते, आणि तो ज्या टेकड्यांतून निघतो, त्या टेकड्या काही पुन्हा वाढत नाहीत. शेंद्रा आणि बिडकीन येथील नव्या औद्योगिक वसाहती, समृद्धी महामार्ग आणि त्यांच्या आश्रयाने पडलेले असंख्य भूखंड यांनी या जिल्ह्यात भरावाची भूक किती वाढवली आहे, हे शहराभोवतीच्या पोखरलेल्या टेकड्यांकडे पाहिले की कळते. अशा वेळी एक विचार साहजिकच पुढे येतो, की कारखान्यांच्या आवारात राख, चुनखळ, लाल चिखल आणि पांढरा गाळ यांचे डोंगर उभे राहत असताना आपण निसर्गाचे डोंगर कशासाठी फोडावेत? विचार मुळात वाईट नाही. या टाकाऊ पदार्थांपैकी बहुतेक अल्कधर्मी असतात, म्हणजे त्यांचा सामू सातच्या बराच वर, कित्येकदा अकरा-बाराच्या घरात असतो, आणि अल्कधर्मी पदार्थाने माती बांधली जाते, ही गोष्ट चुन्याच्या अनुभवाने आपल्या लोकांना पूर्वापार ठाऊक आहे. परंतु सगळे अल्क एका जातीचे नसतात. पायाच्या दृष्टीने त्यांत एक सज्जन आहे आणि एक दुर्जन, आणि दोघांचा सामू मात्र सारखाच भरू शकतो. या लेखाचा सारा प्रपंच त्या एवढ्याशा गोष्टीसाठी आहे.

सज्जनाचे नाव कॅल्शियम. काळ्या मातीत तिच्या वजनाच्या शेकडा 3 ते 6 इतका चुना मिसळला, की चुन्यातील कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेल्या इतर मूलद्रव्यांना हुसकून त्यांची जागा घेते, सुटे सूक्ष्म कण एकत्र येऊन त्यांच्या गुठळ्या बनतात, आणि काही तासांतच हाताला चिकटणारी माती रवाळ, मुरमाड वाटू लागते. हा झाला पहिला टप्पा. दुसरा टप्पा सावकाशीचा आहे: सामू 12.4 च्या आसपास टिकून राहिला, तर मातीतील सिलिका आणि अॅल्युमिना हळूहळू विरघळतात, चुन्याशी संयोग पावतात, आणि सिमेंटमध्ये जो चिकट पदार्थ तयार होतो त्याच जातीचा पदार्थ मातीच्या कणाकणांत महिनोन्‌महिने तयार होत राहतो. चुन्याच्या घाणीत बैल फिरवून, सुरखी घालून ज्यांनी जुन्या वाड्यांचे आणि तटबंद्यांचे दर्जे भरले, त्यांच्या हातून भाजल्या मातीची आणि चुन्याची हीच प्रक्रिया घडत होती, जरी तिचे रसायन सांगणारा त्यांच्यात कोणी नसला तरी. काळ्या मातीच्या या एकंदर प्रश्नावर पवई येथील आय.आय.टी.त प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी पुष्कळ वर्षे काम केले. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकण अशा मातीचा जाड थर दिला असता खालच्या मातीचा फुगारा दबून राहतो, हा त्यांचा सिद्धान्त पुढे कालव्यांच्या अस्तरीकरणात उपयोगी पडला.

येथे एक इशारा देऊन ठेवणे इष्ट. कारखान्यातून निघणारा चुनखळ भट्टीतल्या चुन्यासारखा निर्भेळ नसतो. त्यात जिप्समसारखे सल्फेट असण्याचा संभव फार. चुना, सल्फेट आणि मातीतील अॅल्युमिना एकत्र आले आणि वर पाणी मिळाले, तर एट्रिंगाइट नावाचे सुईसारखे स्फटिक वाढू लागतात, आणि वाढताना ते वरचा रस्ता उचलून धरतात. अमेरिकेत लास व्हेगास येथील स्ट्युअर्ट अॅव्हेन्यू या रस्त्याखालची माती गेल्या शतकाच्या आठव्या दशकात चुन्याने बांधली होती. मातीत सल्फेट होते, आणि थोड्याच वर्षांत रस्ता ठिकठिकाणी फुगून फाटला. औषध तेच, मात्रा तीच, पण पथ्याकडे दुर्लक्ष झाले.

आता दुर्जनाकडे वळू. सोडियमची करणी मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही, कारण चोपण जमीन त्याने पाहिलेली असते. जिथे मातीच्या कणांवर सोडियमचा पगडा बसतो, तिथे गुठळ्या मोडून कण सुटे होतात. ओली असता ती जमीन चिखलासारखी पसरते, वाळली की दगडासारखी आवळते, आणि पाणी तिच्यात मुरत नाही. अशा जमिनीला शेतकरी जिप्सम घालतो, म्हणजेच सोडियमला हाकलण्यासाठी कॅल्शियमला पाचारण करतो. जे पिकाच्या मुळांना लागू, तेच घराच्या पायालाही लागू आहे. किंबहुना पायाच्या बाबतीत प्रकरण याहून गंभीर होते. दाहक सोडा वापरणाऱ्या कारखान्यांत टाक्यांतून, नळांच्या सांध्यांतून तो जमिनीत झिरपला, की फरशा आणि पाये वर उचलले गेल्याचे दाखले आहेत, आणि आश्चर्य असे, की हे एरवी न फुगणाऱ्या तांबड्या मातीतही घडते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी या विषयाचा पाठपुरावा करून दाखवले, की तीव्र दाहक सोडा मातीतील मूळ खनिजांवर हल्ला करून त्यांच्यापासून झिओलाइटच्या जातीची नवी खनिजे घडवतो, आणि या घडामोडीत मातीचे आकारमान वाढते. म्हणजे येथे मातीची ओलच तेवढी बदलत नाही, तिची जातच पालटते. आणि जात पालटलेली माती पाणी काढून टाकल्याने मूळपदावर येत नाही.

या दोघांच्या मधली, मोठी चमत्कारिक वस्तू म्हणजे सोडा अॅशच्या कारखान्यातला पांढरा गाळ. काच आणि साबण यांना लागणारा हा सोडा मीठ, चुनखडी आणि अमोनिया यांच्या साहाय्याने बनवण्याची सॉल्व्हे यांची पद्धत एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. आपल्याकडे सौराष्ट्रात मिठापूर येथे टाटांनी 1939 साली स्थापिलेली कंपनी याच उद्योगातली. एक टन सोड्यामागे सुमारे दहा घनमीटर गढूळ द्रव बाहेर पडतो, आणि तो साठवून निथळला की मागे राहतो कॅल्शियम कार्बोनेट, थोडा चुना, जिप्सम आणि पुष्कळसे क्लोराइड असलेला लोण्यासारखा पांढरा गाळ. सोडियमच्या कारखान्यातून निघूनही याच्या घन भागात राज्य कॅल्शियमचे असते, ही त्याची जमेची बाजू. उणी बाजू ही, की त्याचे कण स्वतःच सच्छिद्र असल्यामुळे त्यात पाणी अमाप कोंडलेले असते; घन पदार्थाच्या वजनाहून पाण्याचे वजन अधिक भरावे, कधी दुपटीपर्यंत जावे, अशी त्याची स्थिती. तरीही हा गाळ वरून घट्ट दिसतो, त्याच्यावर माणूस चालू शकतो, आणि फावड्याने त्याचा तुकडा कापून काढला तर कडा सरळ उभ्या राहतात. तो तुकडा तळहातावर घेऊन मळावा, की काही क्षणांत त्याचे पातळ खळीत रूपांतर होऊन तळहात भिजतो. मडक्यात लागलेले कवडी दही जोपर्यंत कोणी पळी घालत नाही तोपर्यंतच घट्ट असते, तशातलाच हा प्रकार. स्थापत्याच्या भाषेत याला संवेदनशीलता म्हणतात, आणि पायाखाली ती असणे याचा अर्थ असा, की जमीन आपली पूर्वसूचना देत नाही.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज शहराजवळ ओनोंडागा सरोवराच्या काठी या गाळाची शंभर वर्षांची पुंजी पडून आहे. तेथला कारखाना 1884 साली सुरू झाला आणि 1986 साली बंद पडला. 1943 च्या नोव्हेंबरात एका साठवणीचा बांध फुटून पांढऱ्या गाळाचा लोंढा जत्रेच्या सरकारी मैदानावर आणि लगतच्या वस्तीत शिरला. पुढे त्याच गाळाच्या प्रदेशावर, तो पुरता निचरून बसल्यानंतर, वाहनतळ झाले, आणि 2015 साली हजारो प्रेक्षकांचे एक खुले प्रेक्षागृहही उभे राहिले. चीनमध्ये तियानजिनच्या सोडा कारखान्याचे गाळाचे डोंगर राखेत मिसळून, पाणी काढून, थराथराने दाबून खोलगट जमिनी भरण्यासाठी वापरले गेले. तेव्हा हा गाळ जमीन म्हणून मुळीच चालत नाही, असे म्हणता येणार नाही. तो वेळ मागतो, निचरा मागतो आणि दबाई मागतो. कार्ल टर्झागी यांनी 1925 साली मृदास्थापत्याचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातून निघालेला हिशेब येथे ध्यानात ठेवण्याजोगा आहे: थर दुप्पट जाड असेल, तर त्यातले पाणी निघून तो बसायला चौपट काळ लागतो. एक मीटरचा थर ज्या कामाला एक वर्ष घेईल, त्याच कामाला चार मीटरचा थर सोळा वर्षे घेणार. आणि घरमालकाला तर दसऱ्याला वास्तुशांत करायची असते! शिवाय जमीन स्थिरावली तरी क्लोराइड कुठे जात नाही. ते काँक्रीटमधल्या सळईला गंज चढवते, म्हणून या गाळात लोखंडी सळईचा पाया थेट उतरवणे शहाणपणाचे नव्हे.

मराठी मुलखाला सर्वांत जवळचे उदाहरण मात्र पांढरे नसून लाल आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यात दुर्गमानवाड येथे सह्याद्रीच्या सड्यावर बॉक्साइटच्या खाणी आहेत. तिथल्या तांबूस दगडापासून अॅल्युमिना काढण्याचा कारखाना बेळगावला आहे, जो प्रथम इंडियन अॅल्युमिनियम कंपनीचा, म्हणजे लोकांच्या तोंडी 'इंडाल'चा होता आणि पुढे हिंदाल्कोकडे गेला. कार्ल जोसेफ बायर यांनी 1888 च्या सुमारास शोधलेल्या रीतीने बॉक्साइट दळून गरम दाहक सोड्यात शिजवतात. अॅल्युमिना विरघळून निघून जाते आणि जे विरघळत नाही ते लोहाचे लाल भस्म तळाशी उरते. (बायर यांना धातूचे फारसे सोयरसुतक नव्हते, सुती कापडावर रंग पक्का बसवण्यासाठी लागणाऱ्या द्रव्याची सोय लावायची होती.) एक टन अॅल्युमिनामागे साधारण एक ते दीड टन हा लाल चिखल उरतो, आणि धुऊन काढला तरी त्याचा सामू अकराच्या वरच राहतो.

माती म्हणून त्याची परीक्षा केली, तर परीक्षकाची मती गुंग होते. लोहामुळे त्याचे विशिष्ट गुरुत्व 3 च्या घरात जाते, जे साध्या मातीचे 2.65 ते 2.7 असते. कण चिकणमातीइतके बारीक, परंतु चिकणमातीची खनिजे जवळजवळ नाहीतच. त्यामुळे तो फारसा फुगत नाही. दाबाखाली आकसण्याचा गुण चिकणमातीचा, तर घसरण्याला विरोध करणारा अंतर्घर्षणाचा कोन वाळूला शोभेल असा, चाळीस अंशांच्या आसपास. सोडियम, अॅल्युमिना आणि सिलिका यांच्यापासून बनलेले सोडालाइट नावाचे खनिज कणांना एकमेकांशी जखडून ठेवते, आणि या चिखलाची बरीचशी ताकद त्या बंधनातून आलेली असते. हेच त्याचे मर्मस्थान. आम्लाचा संपर्क आला, की सोडालाइट विरघळते, बंधन सुटते आणि कालची घट्ट जमीन अधिक दबू लागते. म्हणजे ज्या अल्काला निरुपद्रवी करण्यासाठी आपण आम्ल ओततो, तो अल्कच येथे जमिनीला धरून उभा असतो. पर्यावरणाची गरज आणि पायाची गरज यांचे इतके उघड वैर अन्यत्र क्वचितच पाहायला मिळेल.

ओला ठेवला तर हा चिखल काय करतो, याचा पंचनामा हंगेरीत झाला. 4 ऑक्टोबर 2010 रोजी आयका येथील साठवण तलावाचा कोपरा फुटून सुमारे दहा लाख घनमीटर लाल चिखल कोलोन्टारसह आसपासच्या गावांत शिरला, दहा माणसे दगावली आणि शंभरावर भाजली-होरपळली. आपल्याकडेही झारखंडात मुरी येथे 9 एप्रिल 2019 रोजी लाल चिखलाचा साठा घसरून आला. म्हणून अलीकडे हा चिखल गाळून, दाबून, शक्य तितका कोरडा करून थराथराने रचण्याकडे कल आहे. परंतु रचून ठेवणे वेगळे आणि त्याच्यावर वस्ती बसवणे वेगळे. बांधाच्या आतल्या भरावासाठी, रस्त्याच्या खालच्या थरासाठी, बाजूंनी आणि वरून साध्या मातीचे जाड आच्छादन देऊन तो वापरता येईल, याबद्दल फारसा वाद नाही. राहत्या घराच्या जोत्याखाली आणि विहिरीच्या शेजारी तो आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पाण्याबरोबर झिरपणारा सोडा खालच्या काळ्या मातीला चोपण करील. त्याचा उत्तम विनियोग सिमेंटच्या भट्टीत. हिंदाल्कोने 2020 साली अल्ट्राटेकशी केलेल्या कराराने वर्षाकाठी बारा लाख टन लाल चिखल सात राज्यांतल्या चौदा सिमेंट कारखान्यांकडे धाडण्याची तजवीज झाली. जमिनीत पुरण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

राखेविषयी थोडक्यात. परळी, भुसावळ, कोराडी या वीज केंद्रांची राख आपल्या ओळखीची. तिच्यावर केंद्र सरकारची पहिली अधिसूचना 1999 साली निघाली. तिचे कण काचेच्या सूक्ष्म गोळ्यांसारखे, वजनाला हलके, आणि नीट दाबून, कडेने मातीची कोंडी करून घेतली तर रस्त्याच्या भरावाला चांगले. अल्क तिच्यात बेताचा. पण तलावातली सैल, पाण्याने तुडुंब राख द्रवासारखी वाहते. 16 जुलै 2022 रोजी कोराडीजवळ खसाळा येथील राखेचा बंधारा मुसळधार पावसात फुटला, तेव्हा आसपासच्या शिवारांनी त्याचा अनुभव घेतला.

दौलताबाद, माळीवाडा, वाळूज, पडेगाव या पट्ट्यात ज्यांनी भूखंड घेतले आहेत, त्यांना एवढेच सांगायचे, की मुरमाच्या भावाहून स्वस्त असा पांढरा, करडा किंवा लाल भराव कोणी दारात आणून टाकण्याची तयारी दाखवली, तर प्रथम तो कोणत्या कारखान्यातल्या कोणत्या प्रक्रियेतून निघाला आणि तो भरावासाठी देण्याची परवानगी आहे का, हे लेखी मागावे. नुसत्या सामूच्या आकड्यावर समाधान मानू नये. त्यात सोडियम किती, सल्फेट किती, क्लोराइड किती, हे विचारावे, आणि आपल्या भूखंडावरची काळी माती त्यात मिसळून दोन नळ्यांची ती फुगाऱ्याची परीक्षा मृदाचाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेतून करवून घ्यावी. शहरातले शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1960 सालापासून आहे. मातीचे काम जाणणारी माणसे शोधायला कुठे लांब जावे लागत नाही. आणि भराव आणणाऱ्याला यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, तर भरावाचा हायवा ट्रक फाटकातूनच परत पाठवावा.